बोट लागलं

१

त्या नोव्हेंबरात अफशाच्या घरात एकच विषय होता. बोट कुठे लावायची.

गाडी कुठे लावायची याचं रडगाणं शारजाच्या अल नहदातल्या प्रत्येक बिल्डिंगीत रोज ऐकू येतं. पण बोट? आणि बोट तरी कसली, तर इंग्लंडच्या कालव्यातून फिरतात तसली. लांबच्या लांब, अरुंद, अख्खी लोखंडी. आत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने पोट आत घ्यायचं. बाहेरून लाल-हिरवी, वर गुलाबाची फुलं रंगवलेली. जनाज्याला कुणी वरातीसाठी सजवावं ना, तशी दिसायची.

एका गोऱ्या साहेबाने ती मोठ्या जहाजावर घालून शारजात आणली होती. अल मजाजच्या लगूनमध्ये उभी करून त्याने तिच्यात चहाचं कॅफे काढलं. दोन सीझन लोकांनी तिच्यात बसून करक चहा पीत सेल्फी काढले. मग कॅफे बसलं, साहेब मायदेशी गेला, आणि बोट पडली त्याच्या मॅनेजरच्या गळ्यात. मॅनेजर म्हणजे विल्फ्रेड अंकल, वसईचे. त्यांना स्विमिंग पूलचीही भीती. त्यांनी ती उचलून कमरुद्दीनच्या, म्हणजे अफशाच्या अब्बांच्या, गळ्यात घातली.

अब्बा जयगडकडचे, खाडीच्या काठावर वाढलेले. दुबईत रास अल खोरच्या ज्या वर्कशॉपमध्ये ते फायबरच्या होड्या बनवायचे ते उन्हाळ्यात बंद झालं होतं. विल्फ्रेड अंकल बोलले, कमरुद्दीन, हिवाळा काढ. साहेब जानेवारीत व्हिडिओ कॉलवर बोट बघणार. व्यवस्थित दिसली तर नवीन जागी कॅफे उघडणार, आणि तू तिचा कायमचा केअरटेकर. फॅमिली व्हिसासकट. नाही दिसली, तर अम्मी, अफशा आणि छोटा रुहान गावाला, अब्बा एकटे इथे कुठेतरी बेडस्पेसमध्ये, म्हणजे परक्यांच्या खोलीत एक खाट भाड्याने घेऊन. अम्मीने, म्हणजे झुबेदाने, कपाटावरच्या सुटकेसी खाली काढून पुसून ठेवल्या होत्या. त्या हॉलमध्येच उभ्या होत्या. टीव्ही बघताना मधे यायच्या.

गावाकडच्या लोकांना वाटतं हिवाळ्यात बोटी झोपतात. इथे उलटं. इथे उन्हाळ्यात सगळे एसीत झोपतात आणि हिवाळ्यात ज्याला त्याला समुद्र आठवतो. सगळ्या मरिना गच्च. एका ठिकाणी जागा होती, पण तिथलं भाडं अम्मीने मनातल्या मनात रुपयात केलं आणि गॅस बंद करायचा विसरली. बाकी सगळीकडे एकच उत्तर, खलास हबीबी, फुल्ल. आणि उघड्यावर ही बोट राहूच शकत नव्हती. बूड सपाट. शमालचा, उत्तरेकडचा वारा सुटला की बादलीसारखी उलटली असती.

अफशाला मात्र मजा वाटत होती. ती सतरा वर्षांची, दहावीत लटकलेली, आणि अख्ख्या बिल्डिंगीत बदनाम. लिफ्टची सगळी बटणं दाबून पळणं हे तिचं बालपणीचं काम. आता तिची लेव्हल वाढली होती. विल्फ्रेड अंकल जेवायला आले तेव्हा तिने एका कच्च्या भेंडीच्या टोकाला अम्मीचं लाल नेलपॉलिश लावलं आणि ती त्यांच्या वरणात अर्धी बुडवून ठेवली. अंकलनी चमच्याने वर काढली. बाईचं बोट. त्यानंतर अंकल बाथरूममध्ये होते, बराच वेळ, आणि अफशा आठवडाभर मोबाईलशिवाय.

भेंडी घरात तशीही कुणाला आवडायची नाही. रुहान नऊ वर्षांचा, इंग्लिश मिडियमचा. तो तिला लेडी फिंगर म्हणायचा आणि तोंड फिरवायचा.

२

जागा मिळाली ती अजमानच्याही पुढे, एका आंधळ्या खाडीत. आंधळी म्हणजे पुढे वाट नसलेली. दोन्ही काठांना तिवरं, मधे धाऊ, म्हणजे अरबी गलबतं, दुरुस्त करायचं जुनं यार्ड. यार्डवाल्याने पिकअपमधून न उतरता काच थोडी खाली केली. हिंदीत बोलला, जगह है, ले लो. अब्बांनी विचारलं, सीझनला रिकामी कशी? त्याने काच वर केली. एसीमुळे असेल.

एका ओळखीच्या मच्छीवाल्याच्या लाँचने बोट ओढत आणली. अफशाला वाटेत तीनदा उलटी झाली. तिसऱ्यांदा नुसतं पिवळं पाणी.

"बोट लागली का गं तुला?" अब्बा हसत होते. "कोकणी होडीवाल्याची मुलगी आणि बोट लागते?"

खाडीत शिरल्यावर पाणी एकदम गप्प झालं. धक्क्याला लाकडी धाऊ एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. जागा नाही म्हणून तीन-तीन शेजारी बांधलेल्या, एकीवरून दुसरीवर उडी मारून जायचं अशी अवस्था. आणि बरोबर मधे एक लांब, अरुंद फट. मोकळी. टेलरने माप घेऊन ठेवावी तशी.

तिथला वास अफशाला लगेच नावडला. मच्छीचा वास तिला चालायचा, डिझेलचा चालायचा. हा वेगळाच. कापलेली नखं ओल्या फडक्यात गुंडाळून महिनाभर ठेवली आणि मग फडकं उघडलं, असा. तिने ओढणी नाकाला लावली. ओढणीला स्वतःच्या उलटीचा वास होता, तोच बरा वाटला.

रुहान पुढच्या टोकावर पालथा पडून पाण्यात हात सोडून होता. अब्बा मागे बांबू घेऊन उभे. बोट हळूहळू त्या फटीत सरकायला लागली.

"बोट लागलं," रुहान बोलला.

अब्बांना हसू आलं. गल्फमध्ये वाढलेल्या पोरांचं मराठी म्हणजे रोजचा तमाशा, माझा मम्मी आली आणि तिचा बाबा गेली. ते मागून ओरडून शिकवायला लागले, "लागलं नाही रे, लागली. बोट लागली, म्हणजे धक्क्याला आली. बोट लागलं म्हणजे फिंगर. कळलं?"

"आय नो," रुहान बोलला आणि हात वर काढून पँटला पुसला.

अफशा पण हसली. मग तिची नजर धक्क्याकडे गेली. धक्का अजून लांब होता. अब्बांचा अख्खा बांबू मधे मावला असता. बोट अजून कशालाच लागली नव्हती.

तिने मनात म्हटलं, याचं व्याकरण पण चुकतं आणि टायमिंग पण.

३

पुढचा प्रत्येक शनिवार-रविवार त्यांचा त्या बोटीवर जायला लागला. अब्बा गंज खरवडायचे, अम्मी अल नहदाहून डबा करून द्यायची, आणि अफशाच्या वाट्याला आतली घाण.

बंद कॅफेची घाण काय असते ते एकदा बघावं. फळ्यांखाली सांडलेलं दूध, सुकून परत ओलं झालेलं, त्याचा पिवळा थर. तळणीचा ओशट वास पडद्यात, गाद्यांत, लाकडात. सिंकची जाळी तिने काट्याने उचकटली तर खालून एक गोळा निघाला. चहापत्ती, केस, कसलीतरी साल, सगळं एका चिकट दोऱ्यात गुंफलेलं. ओढेल तसा येतच राहिला. शेवट येईना. ती ओढत होती आणि एका क्षणी तिला वाटलं, खालून पण कुणीतरी ढील देतंय, पतंगाला देतात तशी. तिने गोळा सोडला. तो सावकाश, आपला आपण, परत भोकात गेला.

सिंकचं पाणी डायरेक्ट खाडीत जातं. ओहोटीने ओढलं असेल. अफशा दहावी नापास असली तरी भरती-ओहोटी तिला कळायची.

त्या दिवशी डब्यात भरली भेंडी होती. अख्ख्या भेंड्या, पोटात मसाला. अब्बा धक्क्यावर नमाजाला गेले तसं दोघा भावंडांनी एकमेकांकडे बघितलं, खिडकी उघडली आणि भेंड्या एकेक करून पाण्यात सोडल्या. चपात्या लोणच्याशी खाल्ल्या. अफशा गादीवर आडवी झाली. भर दुपार, हवा गार, मस्त डोळा लागला.

रुहानच्या आवाजाने ती जागी झाली. तो बाहेर होता.

"आपा, लुक. हाय फाइव्ह."

बोटीच्या बाजूला, छपराच्या खाली, एक पाऊल मावेल एवढी लोखंडी कड असते. त्या कडेवर भेंड्या ठेवल्या होत्या. चार शेजारी-शेजारी, टोकं वर. पाचवी जरा खाली, तिरकी. पंजा.

भेंड्या ओल्या होत्या, पांढुरक्या पडल्या होत्या. आणि आतला मसाला नव्हता. पाण्याने गेला असं म्हणावं तर तेलाचा एक डाग नाही, तिखटाचा एक कण नाही. चाटून पुसून साफ केल्यासारख्या. एकीतून अजून तार सुटत होती, कडेवरून खाली, पाण्यापर्यंत.

अफशाला आधी राग आला, कारण हा जोक तिचा होता.

"तू केलंस?" तिने विचारलं.

"यू डिड," रुहान बोलला. बाकी जगही हेच म्हणणार होतं, हे तिला तिथेच कळलं.

४

तसंच झालं. अब्बांनी भेंड्या बघितल्या, अन्न टाकल्याबद्दल दोघांना सुनावलं आणि मग अफशाला वेगळं सुनावलं. विल्फ्रेड अंकलना फोनवर कळलं तर ते बोलले, ही मुलगी एक दिवस मला मारणार. अम्मी एवढंच बोलली की माझ्या भेंडीचा तुम्हाला एवढा राग होता तर सांगायचं होतं.

अफशाने रात्री गादीवर पडून हिशेब लावला. खेकडे असतील. खेकडा नीट मांडून ठेवत नाही. बगळा असेल. बगळा मसाला चाटत नाही. रुहान असेल. रुहान भेंडीला हात लावण्यापेक्षा होमवर्क करेल. राहिली ती स्वतः. झोपेत चालणारी माणसं असतात, तिने व्हिडिओ बघितला होता. हे उत्तर तिला चालणारं नव्हतं, पण दुसरंही नव्हतं.

पुढच्या शनिवारी तिने मुद्दाम अम्मीकडून भरली भेंडी मागून घेतली. अम्मीचे डोळे भरून आले बिचारीचे. अफशाने चार भेंड्या बाजूला काढल्या. चारच. पाण्यात सोडल्या. मोबाईल खिडकीत, कडेकडे तोंड करून, रेकॉर्डिंगला लावला आणि रुहानला घेऊन धक्क्यावर अब्बांसमोर जाऊन बसली. म्हणजे कुणी म्हणायला नको.

परत आली तेव्हा कडेवर पंजा तयार होता. पुरा.

तिने मोजलं, मग उलट बाजूने मोजलं. चार सोडल्या, पाच आल्या. चार साफ पांढऱ्या भेंड्या आणि खाली तिरकी पाचवी. तीही पांढरी, पण पाण्यात खूप वेळ राहिल्यासारखी सुरकुतलेली. भेंडीला उभ्या शिरा असतात. हिला आडव्या घड्या होत्या.

अफशाने ती दोन बोटांत धरून उचलली. खरं तर उचलायची नव्हती, पण जन्मात कुठली गोष्ट न उचलता सोडली नव्हती तिने. गार. लिबलिबीत. वरची कातडी आतल्या मांसावर सरकत होती, सैल मोज्यासारखी. ती देठ शोधायला लागली, कारण देठ सापडला की भेंडी. एका टोकाला चिरडल्यासारखं होतं. दुसऱ्या टोकाला एक चपटी, पिवळट, कडक चकती, खाली हिरवं शेवाळ भरलेली.

नेलपॉलिश नव्हतं त्याला.

आणि मग ती गोष्ट तिच्या बोटाभोवती हळूच वळली. तान्हं बाळ धरतं ना, तसं. जोरात नाही.

अफशाने हात झटकला. ती गोष्ट कडेवरून बाहेर उडाली, खाली गेली. अफशा कान देऊन उभी राहिली. पाणी तिथेच होतं, हातभर खाली. पडल्याचा आवाज आला नाही. थेंबाचाही नाही. झेलल्यासारखं.

तिने साबणाने हात धुतले, मग डिझेलने, मग लिंबाने. नखांचा तो वास कातडीत बसला तो बसलाच. संध्याकाळी चपातीचा तुकडा तोंडाजवळ नेला आणि परत ठेवला.

मोबाईलमध्ये व्हिडिओ होता. सुरुवातीला कड, ऊन, पाणी. मग अचानक स्क्रीन भरून काहीतरी आलं आणि शेवटपर्यंत तसंच राहिलं. अब्बांना दाखवला तर ते हसले. "तुझंच बोट आलंय लेन्सवर. तुझ्या अम्मीचे सगळे फोटो असेच असतात."

उन्हात लेन्सवर बोट ठेवलं की स्क्रीन लाल दिसते. रक्त असतं ना आत. अफशाने स्वतःचं ठेवून बघितलं, लाल. हे हिरवट होतं.

ती अब्बांना बोलली, आपण दुसरी जागा बघू. अब्बांनी ब्रश खाली ठेवला. दुसरी जागा नाही, हे त्यांनी सावकाश, एकेका मरिनाचं नाव घेऊन सांगितलं. मग बोलले, "अफशा, जानेवारीपर्यंत मस्करी नको. त्या बॅगा तुला दिसतात ना घरात? मला रोज दिसतात."

तिला गावाला जायचं नव्हतं. आणि तसंही, भेंडीचा जोक करणाऱ्या मुलीने बोटाची गोष्ट सांगायची तरी कुणाला?

तिने फक्त रुहानला दम दिला, पाण्यात हात घालायचा नाही. रुहान हो बोलला. पण घरी येताना दर वेळी त्याचा उजवा हात सुरकुतलेला असायचा, खूप वेळ अंघोळ केल्यासारखा.

५

जानेवारीत सकाळी सकाळी विल्फ्रेड अंकल आले. सूट घालून, धक्क्यावर पाण्यापासून चार हात लांब. अम्मी पण आली होती, दुपट्टा इस्त्री केलेला. बोट झकास दिसत होती, लाल-हिरवी, गुलाब नव्याने रंगवलेले. बाहेरच्या समुद्रात शमाल जोरात होता. तिवरांच्या पलीकडे पाणी पांढरं झालेलं दिसत होतं. खाडीतल्या धाऊसुद्धा एकमेकींवर घासून कण्हत होत्या.

ही बोट हलत नव्हती.

अंकलनी मोबाईल वर धरला. स्क्रीनवर साहेब, मागे त्याच्या खिडकीत पाऊस. साहेबाने विचारलं, वारा कसा आहे, बोट डुलते का? अब्बांच्या अंगात एकदम हुरूप आला. ते इंग्लिश, हिंदी, मराठी सगळं मिसळून सांगायला लागले की अशी जागा अख्ख्या अमिरातीत नाही, भरती असो ओहोटी असो, ही जागची हलत नाही. बघा, बोलले, दाखवतो. आणि त्यांनी मागचा दोर सोडला.

ओहोटी लागली होती. पाणी बाहेर पळत होतं, त्यावरून एक प्लास्टिकची बाटली भराभर वाहत गेली. बोट तशीच. अब्बांनी मधला दोर सोडला. मग धक्क्यावरून चालत जाऊन पुढचा. तिन्ही दोर धक्क्यावर वेटोळे होऊन पडले. बोटीला आता काहीही बांधलेलं नव्हतं.

"वंडरफुल," साहेब बोलला.

अफशा आत होती, रुहान पुढच्या टोकावर. तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि खाली बघितलं. पाणी उतरल्यामुळे बोटीची एरवी पाण्याखाली असणारी बाजू वीतभर उघडी पडली होती. तिथे शिंपल्यांची ओळ असते. दोन महिने बोट उभी राहिली की लोखंडाला शिंपल्या चिकटणारच, पांढऱ्या, छोट्या, एकीला एक लागून. तशीच ओळ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, साडीच्या काठासारखी.

मग बाहेरून वाऱ्याचा एक झोत आत आला. बोट अगदी जराशी कलली, आणि ती अख्खी ओळ, एकामागून एक, पकड बदलती झाली.

अफशाने डोकं आत घेतलं. खिडकी लावून कडी घातली.

"अफशा बेटा," विल्फ्रेड अंकल बाहेरून ओरडले, "साहेब आतून बघायचं म्हणतात. त्यांना सांग, सगळं ओके आहे ना?"

ती दारात आली. सगळे तिच्याकडे बघत होते. अब्बांचे हात रिकामे होते, दोराने लाल झालेले. अम्मी दोन्ही हातांनी पर्स धरून उभी होती आणि तिचे ओठ दुआ करत हलत होते. जन्मभर अफशाने खोटं बोलून लोकांना घाबरवलं होतं. खरं बोलून घाबरवायची पाळी पहिल्यांदाच आली होती, आणि तिला दिसलं, कुणीही घाबरणार नाही. फक्त बॅगा भरल्या जातील.

"ऑल गुड," ती बोलली.

साहेबाने अंगठा दाखवला. अम्मी रडायलाच लागली. अंकलनी अब्बांना मिठी मारली आणि लगेच पाण्यापासून लांब सरकले. अब्बांचा आवाज खुशीने फाटला होता. ते पुढच्या टोकाकडे बघून ओरडले, "रुहान, बोल आता. काय झालं बोटीचं?"

रुहान पालथा पडून होता, उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात. त्याने मान वळवली. घाबरलेला वगैरे नव्हता. वर्गात उत्तर येणाऱ्या मुलाचा असतो तसा चेहरा.

"बोटं लागली," तो बोलला.

"शाब्बास," अब्बा टाळी वाजवून बोलले. "आता कसं बरोबर बोललास."

टवरचं ते टिंब फक्त अफशाला ऐकू आलं. ती धावली, रुहानचा दंड धरला आणि वर ओढला. हात सहज येत नव्हता. मग खालून कुणीतरी ढील दिली तसा सुटून आला, भेंडीसारखा बुळबुळीत, मधे लांब तार.

तिने त्याचा पंजा दोन्ही हातांत घट्ट झाकून धरला. आत काहीतरी वळवळत होतं, तिच्या तळव्याला चाचपत होतं. रुहानचीच बोटं असणार, ती स्वतःला सांगत राहिली. मोजली मात्र नाहीत.